महिपतीरावांच्या नावाची चिगळ

बारामतीच्या वाचनालयात तीस वर्षं काढून मी निवृत्त झाले आणि नवं खूळ डोक्यात घेतलं: मराठी विकिपीडियावर बायकांनी लिहिलंच पाहिजे. दर शनिवारी जळोचीला वर्ग घ्यायचे. बायका यायच्या, चहा प्यायच्या, "आमाला काय येतंय, मॅडम?" म्हणायच्या आणि पदर सावरून निघून जायच्या. मी नुसती चडफडायचे.

तिकडे इंदापूर तालुक्यातल्या शेळगावचे कुणी महिपतीराव मात्र धडाधड लिहीत होते. पाथरी, तांदुळजा, कुरडू, चिगळ... एकेका रानभाजीवर लेख, स्वतः काढलेले फोटो, पुस्तकांचे पान क्रमांकासकट संदर्भ. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? फक्त एक ओळ खटकली. 'चिगळ आधी धुवावी, मग चिरावी. चिरून धुतली तर कस जातो.' असली स्वयंपाकाची ओळ तिथं चालत नाही, म्हणून मी ती काढली. पण इंदापूर तालुक्यात भाजी निवडणारा पुरुष मला अजून भेटायचाय!

तरी म्हटलं, असेल एखादा. 'शनिवारी आमच्या वर्गात सत्काराला या,' असा निरोप मी त्यांना विकिपीडियावरच ठेवला.

शनिवारी मोटारसायकलवरून पांढरी टोपी घातलेले महिपतीराव आले, मागं पिशवी सांभाळत त्यांची बायको. मी शाल उघडली तसे गृहस्थ दोन पावलं मागं सरले.

"थांबा मॅडम. मला त्यातलं ओ की ठो येत न्हाय. समदं मंडळींनी लिवलंय. माझा फकस्त फोन हाय." मग बायकोकडं वळून म्हणाले, "अगं, हो की म्होरं!"

ती पिशवी छातीशी धरून उभीच. नाव विचारलं तर हळूच म्हणाली, "द्वारकाबाई."

"मग स्वतःच्या नावानं का नाही लिहिलंत?"

"फोन ह्यांचा, सातबारा ह्यांचा, तसंच नाव बी ह्यांचं टाकलं. बाईनं लिवलंय म्हटल्यावर कोण खरं मानंल, मॅडम?"

तेवढ्यात मागून आमच्या वर्गातल्या चंद्राबाई कडाडल्या, "अगं, चिगळीतलं बाईला न्हाय तर काय बाप्याला कळणार व्हय?" आणि बायका अशा हसल्या की चहा सांडला.

मी द्वारकाबाईंना सांगितलं, खात्याचं नाव बदलून मिळतं. जुन्या लेखनावरही नवं नाव येतं.

"समद्यावरच? अगदी पयल्यापासनं?" त्यांनी पिशवी खाली ठेवली.

तिथंच बसून आम्ही विनंती पाठवली. चार दिवसांनी दुपारी त्यांचा फोन आला. "मॅडम, झालं! तीनशे बारा जागी माझं नाव हाय. बोट ठिवून मोजलं मी." मग जरा थांबून म्हणाल्या, "सातबाऱ्यावर एका बी जागी न्हाय."

मी अभिनंदन करणार होते, पण रडूच आलं. त्याही रडल्या, मग दोघी हसलो.

पुढच्या शनिवारी अकरा बायकांनी आपापल्या नावानं खाती उघडली. चंद्राबाईंनी तर नवऱ्याचं आडनावसुद्धा लावलं नाही. द्वारकाबाई माझ्या फोनवर आपलं खातं उघडून एकेकीशेजारी बसून शिकवत होत्या. महिपतीराव कोपऱ्यात बसले होते, ते एकदम उठून म्हणाले, "माझं नाव आता रिकामं झालं न्हवं? मग मी बी लिवतो की!"

अर्धा तास खपून त्यांनी उसाच्या लेखात एक ओळ घातली: 'शेळगावचा ऊस जगात गोड.' दोन मिनिटांत ओळ गायब. बदलांच्या यादीत कारणाच्या जागी लिहिलं होतं, 'संदर्भ दिलेला नाही.' खाली नाव: द्वारकाबाई.

महिपतीराव तो फोन घेऊन वर्गभर फिरले. प्रत्येकीला दाखवत होते, "बघा, हिनं काढली! आमच्या द्वारकानं काढली!"

लग्नाला सव्वीस वर्षं झाली, चारचौघांत महिपतीरावांनी बायकोचं नाव आज पहिल्यांदा घेतलं, असं द्वारकाबाईंनी मला नंतर सांगितलं.