सरांचा ‘वा’

साठी उलटली की माणसाला गुडघे छळतात. कर्जतच्या विजयाबाईंना छळत होती राजेश्वरी.

राजेश्वरी तशी साधी बाई. बाजारपेठेत तिचं मॅचिंग सेंटर होतं. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल असला माल. शिक्षण दहावी. मुलाच्या, पार्थच्या, इंग्रजी शाळेत गेलं की तोंडाला कुलूप लागतं, म्हणून ती दर गुरुवारी दुपारी विष्णुपंत सरांकडे येऊ लागली. सर म्हणजे विजयाबाईंचे यजमान, हायस्कुलात जन्मभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. आळीतल्या पाचसहा बायका जमायच्या. सरांची रीत अशी, की आठवड्याला एकच इंग्रजी शब्द द्यायचा. तो घरात, दुकानात, टीव्हीवर कुठे कुठे कानावर पडतो ते बायकांनी गोळा करून आणायचं. मग सर त्याचं कुळमूळ सांगायचे.

विजयाबाई आत चहा टाकायच्या. त्याही नगरच्या कॉलेजातून इंग्रजी घेऊन बी.ए. झालेल्या. लग्न नवं असताना सर त्यांनाही शब्द देत. त्यांना काही सुचलं की सर म्हणत, “कोश बघ.” बरोबर निघालं तर “हं”, चूक निघालं तर तेही नाही. पुढे मुलं झाली, सासूबाई अंथरुणाला खिळल्या, आणि शब्द मागे पडले. विजयाबाईंनी कधी तक्रार केली नाही. हा माणूस कुणालाच ‘वा’ म्हणत नाही अशी त्यांची समजूत होती, आणि त्या समजुतीवर संसार झकास चालला होता.

मग ‘मॅच’चा आठवडा आला. कुणी क्रिकेटची मॅच आणली, कुणी मुलीचं मॅच झालेलं स्थळ आणलं. रंगुबाईंनी माचिस आणली. राजेश्वरीने तर अख्खं दुकानच आणलं. काठाला मॅचिंग, बुट्ट्यांना मॅचिंग, अन् मॅच होत नसलं की ‘काँट्रास्ट घ्या’ म्हणायचं, इथपर्यंत. बायका हसल्या. मग ती म्हणाली, “सर, काडीचा गूल अन् पेटीची बाजू एकमेकाला जुळती तवाच काडी पेटती. म्हनूनच तिला मॅच म्हनत असत्याल.”

“वा,” सर म्हणाले. “वा, राजेश्वरी.”

आत विजयाबाईंच्या हातातली गाळणी हातातच राहिली. ‘कोश बघ’ नाही, काही नाही. एकदम दोन ‘वा’.

दुसऱ्या दिवशी सर दुपारचे लवंडल्यावर त्यांनी स्वतःच कोश काढला. जुळणारी ‘मॅच’ जुन्या इंग्रजीतल्या जोडीदाराच्या शब्दातून निघालेली. काडीची ‘मॅच’ मात्र फ्रेंचांकडून आलेली, तिथे तिचा अर्थ दिव्याची वात. नाव एक आणि कुळं दोन, नात्यागोत्याचा संबंध नाही. विजयाबाईंना इतका आनंद झाला, की त्यांची त्यांनाच लाज वाटली. लाज वाटली तरी तो आनंद त्यांनी आठवडाभर लोणच्यासारखा मुरवत ठेवला.

पुढच्या गुरुवारी बायका बसल्यावर त्या दारात येऊन म्हणाल्या, राजेश्वरीचं चुकलं होतं. आणि वात, जोडीदार, सगळं नीट समजावून सांगितलं. सरांनी कोश उघडून पाहिला, चष्मा काढला.

“हं. बरोबर आहे.”

“आमाला काय कळतंय, काकू,” राजेश्वरी हसून म्हणाली. त्यानंतर पुढचे दोन गुरुवार ती आलीच नाही. सर शब्द सांगता सांगता दाराकडे बघायचे. ते बघणंही विजयाबाईंना सोसवेना.

शेवटी एक साडी पिशवीत घालून त्या दुकानात गेल्या. राजेश्वरीने बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं. ट्यूबच्या उजेडात रंग फसवतो म्हणून साडी घेऊन पायरीवर उन्हात गेली, आणि एकेक तुकडा पदराला लावून बघता बघता, मान वर न करता म्हणाली, “काकू, तुमचं बरोबर हुतं. पर सर ‘वा’ म्हनले ना, त्या दिवशी मी घरी जाऊन ह्यांना सांगितलं. शाळंत मला कुनी कधीच म्हनलं न्हवतं.”

“मला तर लग्न झाल्यापासून नाही म्हणाले,” विजयाबाई म्हणाल्या.

राजेश्वरीचा हात थांबला. “सर? तुमाला?”

“त्याचाच राग आला. तुझा नव्हता.” मग जरा थांबून, “तुझाही होता.”

राजेश्वरीने दुसरा तुकडा लावून बघितला, तोच बरोबर बसला. कापड कापून, घडी घालून हातात ठेवलं.

“या गुरुवारी ये,” विजयाबाई म्हणाल्या. “ते दाराकडे बघत बसतात.”

हे बोलणं त्यांना जड गेलं. राजेश्वरीचा चेहरा मात्र असा उजळला, की विजयाबाईंना पुन्हा तिचा हेवा वाटला. पिशवी घेऊन त्या निघाल्या. आळीच्या तोंडाशी येईस्तोवर त्यांचं ठरलं होतं. या गुरुवारी आपण आत राहायचं नाही. शब्द घेऊन बायकांत बसायचं, आणि तेही राजेश्वरीच्या पुढे, सरांच्या अगदी समोर.