दौलतभाऊंनी राखलेलं सरबत

ज्या वकिलाने नोटीस धाडली, त्याच्याकडेच ती वाचून घ्यायला आलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. दौलतभाऊ. सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपुरात मी नुकती वकिली सुरू केली होती. मळकं धोतर, काखेत छत्री आणि अंगाला संत्र्याच्या सालीचा वास. "वकीलसाहेब, इंग्रजीत काय लिहून आहे, जरा सांगा न," म्हणाले. ते आधी कामाला होते त्या सरबताच्या कारखान्यात त्यांनी मला एकदा पाहिलं होतं. शहरात त्यांच्या ओळखीचा वकील तेवढा मीच!

मी वाचून दाखवलं. इतवारीतल्या ज्या कारखान्यात त्यांनी वीस वर्षं संत्र्याचं सरबत बनवलं, तिथलं मिश्रणाचं गुपित ते आता ज्याच्याकडे काम करतात त्या दुसऱ्या सरबतवाल्याला देताहेत. ते ताबडतोब थांबवावं, नाहीतर कोर्टात खेचू, असा मजकूर. माझाच. लिहिताना मला तो भलताच जोरदार वाटला होता. दौलतभाऊंनी काखेतली छत्री खाली ठेवली. मग म्हणाले, "बापूचा पोरगा असं म्हन्ते?" मी ओशाळून सांगितलं, मी त्यांचाच वकील, तुम्ही दुसरा बघा. "असू द्या," ते म्हणाले, "वाचून तर देल्लं तुमी."

बापू म्हणजे कारखान्याचे जुने मालक. बापू आणि दौलतभाऊ दोघंच आतून कडी लावून मिश्रण करत. कुणी खोदून विचारलं, तर भाऊंचं उत्तर ठरलेलं: "ते मायं नाही न गा, मी कसं सांगू?" बापू वारले आणि कारभार मुलाकडे, श्यामरावांकडे आला. त्यांनी एकदा कामगारांदेखत भाऊंना नको ते सुनावलं. भाऊंनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि निघाले, ते दुसऱ्या सरबतवाल्याकडे कामाला लागले. झालं, श्यामरावांच्या डोक्यात संशय शिरला.

दावा उभा राहिला. न्यायाधीश भला माणूस. म्हणाले, "गुपित फोडणार नाही, एवढं लिहून द्या, प्रकरण इथेच मिटवू." दौलतभाऊंनी हात जोडले. "साहेब, बापूले शब्द देल्ला तवा कागद नोता. आता सही केली, तं आजवर मी तो पाळला नाही असं होईन." मी खरं तर उठून आक्षेप घ्यायला हवा होता, पण माझ्याने उठवेना. पुढची तारीख पडली.

मधल्या काळात मला खरं काय ते कळलं. तो दुसरा सरबतवाला संत्र्याच्या सरबतासाठी हटून बसला होता आणि भाऊ लिंबाच्या सरबतापुढे जाईनात, म्हणून त्याने त्यांना काढून टाकलं होतं. उतारवयात त्यांची नोकरी गेली ती आमचं गुपित राखण्यापायी, आणि आम्ही त्यांनाच आरोपीसारखं उभं करत होतो. मला माझी लाज वाटली. श्यामरावांना सांगितलं, तर त्यांना पटेना.

मग मृग बहराची, उन्हाळ्याच्या तोंडाशी येणारी संत्री आली आणि श्यामरावांचं सरबत कडवट होऊ लागलं. बापूंची वही त्यांच्याजवळ होती, मापंही बरोबर होती. पण बहर बदलला की मापं कशी बदलायची, ते वहीत कुठेच नव्हतं. दुकानदार बाटल्या परत पाठवू लागले. तेव्हा कुठे श्यामराव मला घेऊन नंदनवन वस्तीत भाऊंच्या घरी गेले. भाऊंनी अंथरूण धरलं होतं. त्यातून ते पुढे उठलेच नाहीत.

श्यामराव त्यांच्या पायांशी बसले. "काका, चुकलो. दावा मागे घेतो." भाऊंनी दाव्याचं नावही काढलं नाही. "कडू झालं न? मले वाटलंच होतं. बस, सांगतो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वकीलसाहेब, तुमी जरा भाईर बसा."

मी ओट्यावर जाऊन बसलो. त्यांच्या बायकोने चहा दिला आणि हसून म्हणाली, "वाईट नोका वाटून घेऊ. मले बी नाही सांगतलं आजवर." इतक्या आनंदाने मी कुणाच्या दाराबाहेर कधी बसलो नाही.

तासाभराने श्यामराव डोळे पुसत बाहेर आले. "सगळं सांगितलं?" मी विचारलं. त्यांनी मान डोलावली.

"सगळं. अन् शेवटी म्हणाले, 'आता मी इसरलो तरी चालते.'"