दोन्ही धगी एकदम

बिदरमधलं मैलूर मागं टाकलं की एक खासगी प्रयोगशाळा लागते. अंतराळातून परतणाऱ्या यानांची उष्णताकवचं तिथं तपासतात. हळ्ळीखेडची दानेश्वरी तिथं नऊ वर्षं टेक्निशियन होती. आयटीआयला वेल्डिंग शिकलेली. काळ्या काचेआडून आग कशी बघायची, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

यान खाली येताना त्याला दोन तऱ्हांची धग सोसावी लागते. एक अंगाला घासत जाणाऱ्या तापल्या वायूची, दुसरी समोर पेटलेल्या वायूच्या झळाळीची. पहिलीसाठी प्रयोगशाळेत प्लाझ्माचा झोत होता, दुसरीसाठी लेझर. त्या मार्चमध्ये तळहाताएवढा एक काळा नमुना आला. झोतात टिकला, लेझरखालीही टिकला. दानेश्वरीनं दोन्ही एकदम लावले आणि अकराव्या सेकंदाला त्याचे पापुद्रे उडाले. त्याच मिश्रणाचे नवे नमुने घेऊन तिनं तीनदा करून बघितलं. तिन्ही वेळा तेच.

प्रयोगशाळेचे प्रमुख मृत्युंजय सर. त्यांनी अहवाल पुढं सरकवला. त्यात फक्त वेगवेगळ्या चाचण्या होत्या.

"दोन्हींत पास झालाय. सही कर."

"एकदम लावल्यावर फुटलाय की, सर. ते कामून न्हाई लिहिलं?"

"गिऱ्हाइकानं मागितलंय का ते?"

"भाकर तव्यावर फुगत न्हाई, चुलीतल्या आरासमोर धरली की फुगती. ह्याच्या पोटातला वायूबी तसाच पापुद्रा उचलायलाय. वरून येणारं यान काय म्हणणार हाय, आधी एक धग दे, मग दुसरी?"

"आयटीआयवाली तू, मला शिकवायलीस?"

"डोळ्यांनी बघितलं ते सांगायलेय. सही करत न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून तिची रवानगी गोदामात झाली. आई शरणम्मा हळहळली, "सही केली असतीस तर काय झिजलं असतं?"

"माझं नाव झिजलं असतं, अव्वा."

सोबतचे म्हणाले, राजीनामा दे. "चूक मी केली न्हाई, मग मी कामून जाऊ?" म्हणत ती रोज सकाळच्या बसनं येतच राहिली.

पाच आठवड्यांनी गिऱ्हाईक कंपनीची इंजिनिअर शैलश्री बेंगळुरूहून पाहणीला आली. सर तिला घेऊन निघाले, तर दानेश्वरी वाटेतच उभी. तिनं कन्नडमध्ये सरळ सांगितलं, "मॅडम, दोन्ही एकदम लावायला सांगा. तुमच्या डोळ्यांदेखत."

सरांचा चेहरा लालबुंद झाला. शैलश्री त्यांच्याकडं वळली, "लावा."

दानेश्वरीनंच दोन्ही लावले. बाराव्या सेकंदाला नमुन्याचे तुकडे काचेवर आदळले.

कवचाचं ते मिश्रण बाद झालं. यापुढं दोन्ही धगींची एकत्र चाचणी हवीच, असं कंपनीनं कळवलं. सरांनी गोदामात निरोप धाडला, परत चाचणीच्या कामावर ये.

"तोंडी काढलाव, आता लेखी बोलवा," दानेश्वरीनं उलट निरोप दिला.

कागद आला. त्यावर हुद्दा होता 'मदतनीस'. तिनं तो तसाच परत पाठवला. लेझरचा किरण झोताच्या बरोबर मधोमध बसवणं दुसऱ्या कुणाला जमेना; दोन दिवस यंत्र बंद पडून राहिलं. तिसऱ्या दिवशी नवा कागद आला. त्यावर टेक्निशियन लिहिलं होतं. मगच ती गोदाम सोडून आत गेली.

नव्या मिश्रणाचा नमुना तिसाव्या सेकंदाला फुटला. सर मागं उभे होते. तिनं वळूनही बघितलं नाही; जे झालं ते लिहिलं आणि पुढचा नमुना मागवला.