गुड्डीला बोलतं करताना

सुमे, चौथीनंतर माझ्या हातात पेन फारसं आलं नाही. अक्षर वाकडं आहे, चुकाही असतील, समजून वाच. तू तुझ्या बंटीला घेऊन इकडे पुण्याकडे राहायला येणार, म्हणून मोठी बहीण म्हणून लिहिते. फोनवर मला हे बोलता येत नाही.

आम्ही अड्याळहून निघालो तेव्हा तू स्टँडवर होतीस. माझी गुड्डी एसटीच्या खिडकीतून तुला ओरडून सांगत होती, बकरीच्या पिलाला रोज माझं नाव सांगजो. भंडाऱ्यापर्यंत तिचं तोंड बंद नव्हतं. नागपूरला ट्रॅव्हल्समध्ये बसलो तर लोक वळून पाहू लागले. मला लाज वाटली. मी तिच्या मांडीला चिमटा काढला. "चूप. लोक पाहून राहिले." मग पुण्यापर्यंत ती एक शब्द बोलली नाही, आणि मला बरं वाटलं.

इथे एक खोली. हे कंपनीत जातात, मी मेसमध्ये भांडी घासते. गुड्डी दुसरीत बसली. संध्याकाळी तिला समोर बसवून मी विचारायची, "आज शाळेत काय झालं?" ती म्हणायची, "काई नाई." खरं सांगू? मी सुटल्यासारखी उठायची. तिने अभ्यासातलं काही विचारलं असतं तर मला कुठे येणार होतं?

दिवाळीआधी तिला ताप भरला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मुलगी दिवसभर लघवी धरून ठेवते. काहून, म्हणून विचारलं की पोरगी भिंतीकडे पाहायची.

आपल्याकडे रोवण्याला बाया ओळीने वाकून धान लावतात, तेव्हा कोणी कोणाच्या तोंडाकडे पाहत नाही. सासूचा मार, पोटातून पडलेलं पोर, सगळं तिथेच निघतं, चिखलाकडे बघत. मीही त्या ओळीत वाकलेली बाई. तरी पोरीला रोज समोर बसवून ठाणेदारासारखी विचारत होते.

एका संध्याकाळी सुपात तांदूळ घेतले. तिला बाजूला बसवलं आणि खडे वेचता वेचता माझंच सांगितलं. "आज मेसवाली मले आंधळी म्हणाली. कढई काळी राहिली म्हणून."

तिने दोन खडे वेचून बाजूला टाकले.

"मंग तू रडली का, माय?"

"थोडीशी. नळ मोठा करून."

"मी बी रडली. शाळेतल्या संडासाची कडी तुटली हाये. पोरं दार ढकलतेत."

"मले काहून नाही सांगतलं?"

"तू म्हणली असती, चूप."

मी तांदळाकडेच पाहत राहिले. वर पाहिलं असतं तर ती थांबली असती.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकापर्यंत गेले, परत फिरले, पुन्हा गेले. वर्गाच्या बाईंना कडीचं सांगितलं. कडी बसली.

तू विचारलं होतंस, तिकडे घरासारखं वाटते का? गुड्डी शाळेतलं सांगते तेवढा वेळ वाटतं. पण अजूनही मी दमलेली असले की नुसती हं हं करते. ती ओळखते.

"सांग बरं माय, मी आता काय म्हटलं?"

मी भलतंच सांगते. ती कपाळाला हात लावते आणि पहिल्यापासून सुरू करते.