भिंगातून पास झालेलं गाणं

आमच्या आतोबांनी आयुष्यात एकच गाणं गायलं, आणि तेही त्यांनी गायलेलं नाही.

त्याला कारण मी. चाकणच्या एका कंपनीत मी इन्स्पेक्शनला आहे. पार्टवर केसाएवढा ओरखडा असला तरी भिंगातून शोधून काढतो आणि घरी येऊन सगळ्यांना ऐकवतो. उरलेल्या वेळात रहाटणीच्या फ्लॅटमध्ये कॉम्प्युटरवर गाणी करतो. (ती मात्र कोणी ऐकत नाही.)

माझी सिंधूआत्या मूळची लातूरकडची, आता कुरुळीत राहते. अख्ख्या भावकीच्या हळदींना ती गायली. पण स्वतःच्या लेकीच्या, पिंकीच्या हळदीला ती पडली नवरीची आई. तिला गायला उसंत कुठली? म्हणून हळदीत वाजवायला तिनं माझ्याकडे येऊन गाणं रेकॉर्ड केलं. जाताना एवढंच म्हणाली, "पोरगी सासरी गेल्यावरबी ऐकंल रे. नीट कर."

मला भरून आलं. त्या भरात मी नवा फोर-के स्क्रीन आणला. गाण्याचं सॉफ्टवेअर त्यावर झकास दिसायला लागलं. फक्त आवाज सजवायचं माझं प्लगिन जुन्या स्क्रीनच्या मापाचं; ते उघडलं, तर त्याची खिडकी काडेपेटीएवढी! बटणं मोहरीएवढी, आणि त्यांखालची अक्षरं म्हणजे नुसते ठिपके. मी सेटिंगमध्ये जाऊन सगळं तिप्पट मोठं केलं. प्लगिन होतं तेवढंच राहिलं, बाकी सगळं मात्र असं फुगलं की 'ओके'चं बटण स्क्रीनच्या खाली निघून गेलं. ते शोधायला मी खरोखर टेबलाखाली वाकलो. (आई बघत होती म्हणून पेन पडल्याचं सोंग केलं.)

कसंबसं सगळं पहिल्यासारखं केलं आणि सवयीनं बॅगेतून भिंग काढलं. भिंगात बटण छान ताटलीएवढं दिसायचं, पण त्याचं नाव भिंगाबाहेर जायचं. तुम्ही म्हणाल, मग कानानं ऐकायचं ना! ऐकलं असतं, पण आत भाऊ थर्ड शिफ्ट करून झोपला होता. अशा वेळी आमच्या घरात कुकरचीसुद्धा शिट्टी होऊ देत नाहीत. आणि हेडफोन? तोच कानाला लावून झोपला होता. शेवटी घुमाऱ्याचं, म्हणजे आवाज घुमवायचं, समजून एक बटण अंदाजानं फिरवलं, स्क्रीनवरच्या आवाजाच्या रेघा बारकाईनं तपासल्या आणि फाइल डीजेवाल्याला पाठवून दिली. डोळ्यांनी पास म्हणजे पास, ही आमची कंपनीतली शिस्त.

कुरुळीत हळद लागली. डीजेवाल्यानं गाणं लावलं, आणि स्पीकरमधून लेकीला हळद लावणारा एक जाडाभरडा पुरुषी आवाज मांडवभर घुमला. मी फिरवलेलं बटण घुमाऱ्याचं नव्हतं, बाईचा आवाज बाप्याचा करायचं होतं.

सगळ्या माना आतोबांकडे वळल्या. आतोबा हे आत्याचे यजमान, महाअबोल. चहात साखर नसली तरी मुकाट पितात. पिंकी हळदीच्या अंगानं धावत गेली आणि त्यांच्या गळ्यात पडली. "पप्पा, तुम्ही गायलात? माझ्यासाठी?"

आतोबांनी नाही म्हणायला तोंड उघडलं, लेकीकडे पाहिलं आणि परत मिटलं. डोळे मात्र वाहायला लागले.

तेवढ्यात आत्या हळदीचे हात तसेच घेऊन माझ्यासमोर उभी. "मुडद्या, माझा आवाज कुठं गेला?"

मी डीजे बंद करायला धावलो, तर तिनंच माझा दंड धरला. बाप-लेकीकडे एकदा बघितलं. मग हळूच म्हणाली, "राहू दे आता. जन्मात एकदा बोलतंय माणूस." आणि पदर खोचून स्वतःच गायला लागली. स्पीकरमध्ये एक आत्या, मांडवात एक आत्या, आणि लोक म्हणतात नवरा-बायकोचा सूर काय जुळलाय!

आता भावकीत कुठंही हळद असली की आतोबांना गाण्याचं आग्रहाचं बोलावणं येतं. ते घसा बसल्याचं सांगतात, तेही हातानं. माझा शर्ट मात्र दंडावर अजून पिवळा आहे. परवा कुरुळीला गेलो तेव्हा मदत म्हणून मेथी निवडायला बसलो, तर आत्यानं समोरून जुडी ओढून घेतली. म्हणाली, "राहू दे. तू बघितलेलं मला परत बघावं लागतंय."