समुद्रतळाचं सारवण
सोलापुरात आमच्या मागच्या गल्लीत एक बाई अजून अंगण सारवते, आणि तो ओला वास आला की मला सत्तरच्या दशकातलं संशोधनाचं जहाज आठवतं, ज्यावर मी फोटोग्राफर होतो. समुद्रतळाचा गाळ लांब नळीतून वर यायचा, ती नळी उभी चिरायची, गाळ पात्यानं हलकेच खरवडायचा आणि तो सुकायच्या आत त्याच्या थरांचा फोटो काढायचा, हे माझं काम. त्या दुपारपर्यंत अशा किती नळ्या झाल्या होत्या कोण जाणे; दिव्यांच्या झळीनं डोळे चुरचुरत होते, पाठ धरली होती. मदतीला आमच्याच जिल्ह्यातला, माढ्याकडचा एक खलाशी होता. खरवडायचं कसं ते त्याला दाखवायचाही मला कंटाळा आला. "एवढं साफ करून ठेव," म्हणालो आणि फिल्म बदलायला वळलो. परत बघतो तर त्यानं ओल्या तळव्यानं सगळा गाळ सारवून काढलेला. थर पुसले गेले होते, वर बोटांच्या अर्धगोल रेघा उमटल्या होत्या. "लई खडबडीत हुतं की सायेब," तो म्हणाला, "आन चार म्हैनं झालं, मातीला हात न्हाय लागला." तेवढ्यात शास्त्रज्ञ आले आणि त्याला नाही नाही ते बोलले. मीच सांगितलं होतं, एवढं एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. तो मान खाली घालून हात धूत राहिला. आता त्या अंगणात तशाच रेघा दिसल्या की मी लांबच्या रस्त्यानं घरी येतो. कुणी विचारलं तर सांगतो, अंगण ओलं होतं.