खोटे तीन दिवस

कर्नाटकातल्या आमच्या गोल्ला गवळ्यांच्या हट्टीत कुठल्या बाईची पाळी कधी येते, हे साऱ्या वस्तीला ठाऊक असतं. पाळी आली की काटेरी कुंपणाबाहेरच्या झोपडीत तीन दिवस बसायचं. घरात पाऊल टाकलं तर देव कोपतो. मी इथली आशा सेविका. हे बंद करा म्हणून दहा वर्षं घसा कोरडा करते आहे, आणि स्वतःची आली की गुपचूप पिशवी उचलून बाहेर जाते. तेव्हा दुसऱ्याला शहाणपण शिकवायला मला तोंड नाही.

केंचम्मा एकोणिसाव्या वर्षी इथे सून म्हणून आली. तिची पाळी तीन-चार महिन्यांनी यायची, तीही एकच दिवस, नुसता डाग. पहिल्यांदा दोन महिने ती बाहेर बसली नाही, तेव्हा तिच्या सासूने, ईरक्काने, आनंदाने गूळ वाटला. पुढच्या महिन्यात डाग दिसला. मग पुन्हा तसंच. त्यातच दोन शेळ्या गाभडल्या आणि बायकांनी ठरवून टाकलं, ही लपवते, विटाळशी घरात वावरते.

बिचारीने काय करावं? दर अमावास्येनंतर ती पिशवी घेऊन झोपडीत बसू लागली, काही आलेलं नसताना. लोकांची तोंडं बंद झाली. एकदा माझी पाळी आली म्हणून मीही तिथे होते, तेव्हा तिची कापडं कोरडी पाहिली. "अक्का, कुणाला सांगू नकोस गं," ती म्हणाली. आणि मी मूर्ख, गप्प बसले.

चार वर्षं झाली, मूल नाही. तिच्या नवऱ्याने, करियण्णाने, तिला दोनदा तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. पाळी नीट येते का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं की हाच छातीठोकपणे सांगायचा, "दर महिन्याला, तीन दिवस!" त्याचा तरी काय दोष? त्याने बायकोला बाहेर बसलेली डोळ्यांनी पाहिली होती. बाई ताकदीच्या गोळ्या द्यायच्या. इकडे ईरक्का मुलासाठी दुसरी मुलगी बघायच्या गोष्टी करू लागली.

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. तिसऱ्या खेपेला मी सासू-सुनेबरोबर गेले.

"पाळी वेळेवर येते?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"एक महिना चुकत नाही हो बाई," ईरक्का म्हणाली. "आख्ख्या हट्टीत एवढी नेमाची सून नाही."

मी केंचम्माला कोपराने ढोसलं.

"येत नाही," ती खाली बघत म्हणाली. "वर्षातून तीन-चारदा. तीही एक दिवस."

"मग दर महिन्याला बाहेर काय झोपा काढायला जातेस?" ईरक्का कडाडली.

"तुम्ही सगळ्या मोजता म्हणून जाते, अत्ते. नाही गेले की शेळ्या माझ्यामुळे गाभडतात."

डॉक्टरीणबाईंनी लेखणी खाली ठेवली. "हे आधी कळलं असतं तर चार वर्षं अशी गेली नसती. रक्त तपासू. यावर पुष्कळदा औषध लागू पडतं."

परतीच्या बसमध्ये ईरक्का सुनेच्या शेजारी बसली. मग हळूच म्हणाली, "थंडीतही उगीचच बसलीस?"

"हो."

"आणि झोपडीत साप निघाला तेव्हा?"

"तेव्हाही काही आलं नव्हतं, अत्ते."

ईरक्काने तिचा हात धरला आणि हट्टी येईपर्यंत सोडला नाही. मला माझ्या गप्प बसण्याची फार लाज वाटली.

पुढची अमावास्या होऊन आठ दिवस झाले. केंचम्मा घरातच होती. शेजारची मादक्का येऊन दारात उभी राहिली. "का गं ईरक्का, सून बाहेर दिसली नाही? काही बातमी?"

"बातमी नाही आणि पाळीही नाही. औषध चालू आहे."

"मग आम्ही समजायचं तरी काय?"

"तुम्ही काही समजूच नका," ईरक्का म्हणाली आणि आत वळून तिने हाक मारली, "केंचम्मा, बाहेर ये, माझ्याजवळ उंबऱ्यावर बस. बघू दे सगळ्यांना."